चित्रकाचा अर्क आणि ‘सिस्प्लॅटिनपेक्षा प्रभावी’ हा दावा : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विज्ञान महाविद्यालयातलं आहे. माणसं आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत, प्रयोगातले आकडेही मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. पीएचडीच्या एका विद्यार्थिनीचा शोधनिबंध परीक्षकाचे शेरे घेऊन परत आला तेव्हा तिच्या गाइड मॅडमनी मला डेटा बघायला बोलावलं. तिथून पुढचं मी स्वतः पाहिलं. आधीचं सगळं प्रयोगवहीतून आणि विद्यार्थिनीशी झालेल्या बोलण्यातून जुळवलं आहे.

पार्श्वभूमी

वनस्पतीतून कर्करोगावर औषध निघेल ही आशा भाबडी नाही. अंगणातल्या सदाफुलीच्या अल्कलॉइडांपासून घडवलेलं विनोरेलबिन फुफ्फुसाच्या कर्करोगात दिलं जातं. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडतं, आणि त्याच्यापासून बनलेलं टोपोटेकान ‘स्मॉल सेल’ प्रकारच्या फुफ्फुस कर्करोगावर वापरात आहे.

विद्यार्थिनीची पहिली पसंती नरक्यालाच होती. पण नरक्याची चोरटी तोड इतकी झाली आहे की त्याचं साल-लाकूड गोळा करायचं म्हणजे वनखात्याच्या परवानग्यांमध्ये वर्ष जाणार. शिवाय त्यावर काम करून गेलेले पुष्कळ. तिच्या गावी बांधावर पांढऱ्या फुलांचा चित्रक उगवतो. त्याच्या मुळीचा लेप कातडीवर फोड आणतो हे गावात सगळ्यांना माहीत, आणि चित्रकादी वटी तर घरोघरी. मुळीतलं मुख्य द्रव्य प्लंबॅजिन. रंगाने पिवळं-नारिंगी, जातीने क्विनोन, स्वभावाने भलतंच क्रियाशील. विषय ठरला. झाडाचा नमुना दाबून पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयातून ओळख पक्की करून घेतली. हे काम तिने चोख केलं होतं. लाल फुलांचा आणि बागेतला निळा चित्रक वेगळ्या जातींचे असल्यामुळे ते गरजेचंही होतं.

पेशी निवडल्या ए५४९. फुफ्फुसावरच्या बहुतेक शोधनिबंधांत याच असतात. ५८ वर्षांच्या एका रुग्णाच्या गाठीतून १९७२ साली वाढवलेल्या या पेशी चिवट आहेत, साधारण बावीस-चोवीस तासांत दुप्पट होतात आणि नवख्या हातांनाही सांभाळून घेतात. शेजारच्या विभागातून एक फ्लास्क मिळाला. कितवा पॅसेज, म्हणजे पेशी आतापर्यंत किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या, कुणी विचारलं नाही.

चाचणी एमटीटी. शहाण्णव घरांच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे घरात, पाचेक हजार पेशी घालायच्या, रात्रभर तळाला चिकटू द्यायच्या, मग अर्काचे वेगवेगळे डोस द्यायचे. ठरलेल्या वेळानंतर एमटीटी हे पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. जितका जांभळा रंग, तितक्या पेशी जिवंत, असा हिशेब. निम्म्या पेशी ज्या डोसला उरतात तो आयसी५०.

चोवीस तासांच्या प्रयोगात अर्काचा आयसी५० मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या आत आला. कच्च्या अर्काचा आकडा या हद्दीत आला की तो पुढच्या अभ्यासाला घ्यावा, असा या क्षेत्रातला रूढ संकेत आहे. तुलनेला ठेवलेलं सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं रूढ औषध मात्र फारसं काही करताना दिसलं नाही. गोषवाऱ्यात वाक्य आलं : चित्रकाचा अर्क सिस्प्लॅटिनपेक्षा प्रभावी. जोडीला प्लंबॅजिनचं ईजीएफआर या प्रथिनाशी डॉकिंग केलं, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर पाहिलं, आणि निबंध पाठवला.

डॉकिंगबद्दल एवढंच सांगतो. ए५४९ पेशींची वाढ केआरएएस जनुकातल्या बदलावर चालते, त्यांचं ईजीएफआर जनुक मुळात शाबूत आहे. त्यात प्लंबॅजिन कुठल्या तरी एका खाचेत अलगद बसणारं द्रव्य नव्हे. ते समोर येईल त्या गंधकयुक्त गटाला धरतं. संगणकावरचं ते रंगीत चित्र या पेशींबद्दल काहीच सांगत नव्हतं. पण हल्ली ते नसेल तर निबंध अपुरा वाटतो, आणि म्हणून ते होतं.

प्रश्न कुठे उभा राहिला

परीक्षकाने तीनच गोष्टी विचारल्या. सिस्प्लॅटिन कशात विरघळवलं? पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी एकत्र ठेवून पाहिले का? निरोगी पेशींवर काय होतं?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं अडचणीची होती.

सिस्प्लॅटिनची पावडर डीएमएसओमध्ये विरघळवून उणे वीसला ठेवलेली होती. लॅबमध्ये सगळीच द्रव्यं तशी ठेवायची पद्धत, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पण डीएमएसओमधलं गंधक सिस्प्लॅटिनच्या प्लॅटिनमला जाऊन चिकटतं, तिथला क्लोराइड निघतो आणि औषधाची धार जाते. दवाखान्यात मिळणारं सिस्प्लॅटिन मिठाच्या पाण्यात असतं, ते याच कारणाने. तिथला क्लोराइड रेणूला टिकवून धरतो. म्हणजे अर्क ज्या वजनाशी तोलला ते वजनच झिजलेलं होतं. त्यात चोवीस तासांची मुदत. सिस्प्लॅटिन डीएनएवर घाव घालतं आणि पेशी विभागायला निघाली की तो घाव बाधतो. दुप्पट व्हायला ज्यांना दिवस लागतो अशा पेशींना एकच दिवस दिला तर चांगलं सिस्प्लॅटिनही ढिलं दिसेल. क्विनोनचं तसं नाही, ते काही तासांत काम उरकतं. मुदतीची निवड नकळत अर्काच्या बाजूने झुकलेली होती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीतच होतं, फक्त कुणी ते तसं वाचलं नव्हतं. मिलिलिटरला १२.५ पासून १०० मायक्रोग्रॅमपर्यंत डोस वाढेल तशा पेशी कमी होत गेलेल्या, आणि २०० ला रीडिंग पुन्हा वर चढलेलं. हा बिंदू ‘आउटलायर’ म्हणून आलेखातून वगळला होता. मी तिला म्हटलं, ती प्लेट पुन्हा लाव आणि एमटीटी टाकायच्या आधी मायक्रोस्कोपखाली बघ. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पाहिलं. कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न दिलेल्या वेलमध्ये पेशी फरशीसारख्या पसरलेल्या, एकमेकींना खेटून. २०० च्या वेलमध्ये तळ ओका, वर गोल झालेले ठिपके तरंगत होते. एमटीटी टाकल्यावर त्याच ओक्या वेलमध्ये जांभळट धुकं पसरलं. स्फटिकांच्या नेहमीच्या सुया नव्हत्या, सगळीकडे सारखा गढूळ रंग. पेशी नाहीत आणि रंग आहे.

कारण गूढ नाही. मुळीच्या अर्कात प्लंबॅजिनबरोबर भरपूर पॉलिफिनॉल असतात आणि ते पेशींच्या मदतीशिवायच एमटीटीचं क्षपण करून त्याला जांभळं करतात. अर्क जितका जास्त, तितका खोटा रंग जास्त. म्हणजे वगळलेला बिंदू हाच चाचणी कुठे फसते ते सांगत होता. आणि १०० च्या खालच्या बिंदूंतही थोडा खोटा रंग असणार, फक्त तो डोळ्यांत भरत नव्हता.

वही चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. अर्काचा मूळ साठा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, डीएमएसओमध्ये. २०० मायक्रोग्रॅमच्या वेलमध्ये डीएमएसओ १ टक्का जात होतं, १२.५ च्या वेलमध्ये त्याचा फक्त सोळावा हिस्सा. कंट्रोल वेलमध्ये मात्र सरसकट ०.१ टक्का. वरच्या डोसला पेशी अर्काने मेल्या की डीएमएसओने, हे त्या प्लेटवरून सांगता येत नव्हतं.

एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, अर्काची दुसरी बॅच जवळजवळ निकामी निघाली. पहिली बॅच संपली होती, नवीन मुळी आणून अर्क काढला, तर आयसी५० थेट १०० च्या पलीकडे.

समोर असलेले पर्याय

मॅडमच्या केबिनमध्ये बैठक झाली. विद्यार्थिनीची फेलोशिप संपत आलेली, पेशी वाढवायला लागणारं सिरम संपत आलेलं, आणि विद्यापीठाच्या समितीसमोर प्रगती अहवाल द्यायची तारीख जवळ. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अट उरलेली नाही, पण समितीतले जाणते तो विचारतातच.

पहिला पर्याय, निबंध मागे घेऊन दुसऱ्या जर्नलला पाठवायचा. तिथे हे प्रश्न कदाचित कुणी विचारलेही नसते. विभागातल्या एका सहकाऱ्याचा हाच सल्ला होता आणि तो त्यांनी चांगल्या मनाने दिला होता. पोरीचं वर्ष वाचावं एवढाच त्यांचा हेतू.

दुसरा, सिस्प्लॅटिनचा डेटा काढून टाकायचा, ‘पेक्षा प्रभावी’ हे शब्द गाळायचे आणि बाकीचं तसंच ठेवायचं. वरवर हा सभ्य मधला मार्ग वाटतो. मॅडम काही वेळ त्याच्याकडे झुकल्याही होत्या. मला तो पहिल्यापेक्षा वाईट वाटला, कारण खोट्या रंगाचा प्रश्न त्याने मिटत नव्हता, फक्त दिसेनासा होत होता.

तिसरा, अर्क सोडून बाजारातून शुद्ध प्लंबॅजिन घ्यायचं आणि नव्याने सुरुवात करायची. रसायनशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत नीट. पण प्रबंधाचा विषय वनस्पतीचा अर्क, आणि शुद्ध प्लंबॅजिनवर आधीच इतकं छापून आलं आहे की नवं काय, हा प्रश्न उरलाच असता.

चौथा, नमुने खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला पाठवून एसआरबी चाचणी करून घ्यायची. टाटा मेमोरियलच्या या केंद्रात अशी तपासणी करून मिळते. एसआरबी पेशींमधल्या प्रथिनांना गुलाबी रंग देते. त्यात पेशींचं चयापचय मोजत नाहीत आणि अर्काच्या क्षपणशक्तीला तिथे वाव नाही. अडचण एवढीच की बॅचचं कोडं सुटल्याशिवाय पाठवायचं तरी काय?

याच आठवड्यात पाचवी गोष्ट येऊन धडकली, तिला पर्याय म्हणता येणार नाही. संस्थेच्या व्यवस्थापनाला वर्धापनदिनासाठी बातमी हवी होती आणि ‘गावच्या वनस्पतीने फुफ्फुसाच्या कर्करोगावर मात’ असा मसुदा कार्यालयात तयार झाला होता. मुळी पुरवणाऱ्या वैद्यांच्या मुलाने तर त्यांच्या चूर्णाच्या पाकिटावर छापायला दोन ओळी मागितल्या.

काय केलं

सगळ्यात आधी बातमी थांबवली. मॅडमनी प्राचार्यांना एवढंच सांगितलं की निबंध अजून स्वीकारलेला नाही. पाकिटाचं प्रकरण अधिक सरळ होतं. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत कर्करोग आहे; त्यावर उपचार म्हणून जाहिरात करणं गुन्हा. वैद्यांना ते आधीच माहीत होतं. त्यांनीच मुलाला झापलं.

मग बॅचचं कोडं. विद्यार्थिनी उरलेली मुळी घेऊन वैद्यांकडे गेली, आणि जे एचपीएलसीवर, म्हणजे अर्कातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, कळायला आठवडे लागले असते ते तिथे बाकावर बसल्या बसल्या कळलं.

“काका, आधीची मुळी मी आमच्या बांधावरून खणली होती. ही तुमच्याकडची. तुम्ही हिच्यावर काही केलंय का?”

“अगं, ही शोधित आहे. चुन्याच्या निवळीत भिजत घालून, धुऊन वाळवलेली. कच्चा चित्रक पोटात द्यायचा नसतो, मी कच्चा ठेवतच नाही. तू मुळी मागितलीस, मी दिली.”

“आणि निवळीचं काय होतं?”

“लाल होते. ती ओतून द्यायची.”

अल्कलीत प्लंबॅजिन लाल होतं, हे तिने स्वतः एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला केलेलं होतं. वैद्यांच्या मोरीत जो लाल रंग वाहून जात होता तेच तिचं द्रव्य होतं. पुढे एचपीएलसीवर दोन्ही बॅचा लावल्या तेव्हा शोधित मुळीतलं प्लंबॅजिनचं शिखर आलेखात बुटकं निघालं. शास्त्रकारांनी चित्रकाची तीक्ष्णता उतरवायला जे सांगून ठेवलंय ते नेमकं तेवढंच करत होतं.

यातून एक निर्णय निघाला आणि माझ्या मते तोच या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता. दोन्ही मुळ्या ठेवायच्या, कच्ची आणि शोधित, आणि प्रत्येक अर्काबरोबर त्यातल्या प्लंबॅजिनचं प्रमाण छापायचं. मग हिशेब मांडता येतो. समजा अर्कात वजनाने १ टक्का प्लंबॅजिन आहे. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अर्क म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्लंबॅजिन, आणि रेणुभार १८८ धरला तर साधारण ५.३ मायक्रोमोलर. तेवढंच शुद्ध प्लंबॅजिन वेगळ्या वेलमध्ये घालून पाहायचं. अर्काचा सगळा परिणाम त्याने भरून निघाला तर अर्कात दुसरं काही शोधायची गरज नाही. परिणाम कमी-जास्त निघाला तर शोधायला कारण आहे. शेवटी चौथा पर्याय, म्हणजे एसआरबी, धरला आणि तिसरा असा वळसा घालून त्याच्या पोटात आला.

पेशी नव्याने पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून आणल्या. जुन्या फ्लास्कची मायकोप्लाझ्मा या जंतूसाठी तपासणी केली, ती स्वच्छ निघाली. पण ओळख पटवणारा कागद नसलेल्या पेशींवर पुढचं काम करायचं नाही असं ठरलं आणि तो फ्लास्क ब्लीचमध्ये गेला.

सिस्प्लॅटिन दवाखान्यात मिळतं तेच, मिठाच्या पाण्यातलं, घेतलं. डोस कितीही असो, प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखंच राहील असे साठे बनवले. मुदत ४८ आणि ७२ तास केली. प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी इनक्युबेटरमध्ये उडतं, म्हणून तिथे नुसतं बफर. आणि प्रत्येक प्लेटवर पेशी नसलेली एक पूर्ण ओळ, प्रत्येक डोससाठी.

निरोगी पेशींवरून थोडी वादावादी झाली. विभागात वेरो पेशी होत्या आणि बरेच निबंध त्यांनाच ‘नॉर्मल’ म्हणतात. वेरो म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. फुफ्फुसाच्या गाठीची तुलना माकडाच्या मूत्रपिंडाशी करून निवडकता कशी ठरवायची? रक्तातल्या लिम्फोसाइटचाही प्रस्ताव आला, पण त्या विभागतच नाहीत. विभागणाऱ्या पेशींना मारणारं कुठलंही द्रव्य त्यांच्याशेजारी गुणी दिसेल. शेवटी एमआरसी-५ घेतल्या, मानवी फुफ्फुसातल्याच फायब्रोब्लास्ट. ए५४९ सारख्या उपकला (अस्तराच्या) पेशी नव्हेत, म्हणजे आदर्श जोड नव्हे, पण अवयव तोच आणि वाढणाऱ्या. पॅसेज फार वर जाऊ द्यायचा नाही एवढं पथ्य.

राहिला यंत्रणेचा प्रश्न. आधीच्या मसुद्यात एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन हे ऑक्सिडेटिव्ह ताण शमवणारं द्रव्य दिल्यावर पेशी वाचतात म्हणून ‘मृत्यू ऑक्सिडेटिव्ह ताणाने’ असं लिहिलं होतं. इथे आणखी एक खड्डा होता. त्या रेणूत गंधकाचा गट आहे आणि प्लंबॅजिन त्याला थेट धरतं. पेशी वाचल्या, पण ताण शमला म्हणून की द्रव्य पेशीत पोचण्याआधीच बाहेर अडकलं म्हणून? म्हणून कॅटालेज घेतलं. हे विकर (एन्झाइम) पेशीत शिरत नाही, पेशींभोवतीच्या माध्यमातलं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढं फोडतं. त्याने पेशी वाचल्या तर समजायचं की घातक पेरॉक्साइड बाहेरच, माध्यमात तयार होत होतं. तसं असेल तर तो प्लास्टिकच्या प्लेटमधला खेळ आहे, शरीरात त्याचा अर्थ फारच वेगळा.

निष्पत्ती

सिस्प्लॅटिन ताळ्यावर आलं. ७२ तासांना त्याचा आलेख जसा असायला हवा तसा उतरला आणि ‘पेक्षा प्रभावी’ हे शब्द आपोआप गेले.

एसआरबीवर कच्च्या मुळीचा अर्क सक्रिय राहिला, आकडा पहिल्यापेक्षा फार हलला नाही. याचं तिला आश्चर्य वाटलं. पण खोटा रंग पेशी जास्त जिवंत दाखवत होता, तर वरच्या डोसचं डीएमएसओ त्या जास्त मारत होतं. दोन चुका उलट दिशांनी ओढत होत्या. शोधित मुळीचा अर्क कमजोर राहिला, आणि दोन्हींतला फरक प्लंबॅजिनच्या प्रमाणाशी बराचसा जुळला. कॅटालेजने खालच्या डोसला काही पेशी वाचवल्या, वरच्या डोसला नाही.

खरा धक्का एमआरसी-५ ने दिला. निरोगी फायब्रोब्लास्ट ए५४९ च्या आधी मेल्या. निवडकता होती, पण उलटी.

विद्यार्थिनी दोन दिवस लॅबमध्ये आली नाही. मॅडमनी फोन केला नाही, येऊ दिलं तिच्या वेळेने. परत आली ती ए५४९ च्या जनुकांची यादी घेऊन. या पेशींमध्ये केईएपी१ जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे एनआरएफ२ हा संरक्षक कारभारी कायम कामावर असतो आणि एनक्यूओ१ नावाचं विकर मुबलक तयार होतं. क्विनोनांना निपटणं हे त्या विकराचं एक काम. फुफ्फुस कर्करोगाची नमुना-पेशी म्हणून जगभर वापरली जाणारी ही ओळ क्विनोनच्या बाबतीत नमुना म्हणून चालणार नव्हती. ती आधीच चिलखत घालून बसलेली. तिने पेशी निवडल्या त्या सगळे वापरतात म्हणून, आणि द्रव्य निवडलं ते बांधावर होतं म्हणून. दोघांची गाठ कशी पडेल हे कुणी तपासलं नव्हतं.

निबंध त्याच जर्नलकडे परत गेला, नव्या शीर्षकाने : चित्रकाच्या कच्च्या व शोधित मुळीतील प्लंबॅजिन आणि पेशीघातकता. डॉकिंग काढलं. एमटीटी आणि एसआरबीचे आलेख शेजारी शेजारी दिले, २०० चा बिंदू सगळ्यांना दिसेल असा. परीक्षकाने भाषेच्या दोन दुरुस्त्या सांगून स्वीकारला. वैद्यांचं नाव, त्यांच्या संमतीने, लेखकांमध्ये आलं. प्रबंधाला मुदतवाढ घ्यावी लागली आणि शेवटचे काही महिने फेलोशिपशिवाय गेले. ती त्या काळात ज्युनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवत होती. वर्धापनदिनाला बातमी दुसऱ्याच विभागाची छापून आली.

वेगळं काय करता आलं असतं

पेशी नसलेली प्लेट पहिल्याच दिवशी लावता आली असती. तिला सिरम लागत नाही, पेशी लागत नाहीत, एक दुपार पुरते. रंगीत किंवा पॉलिफिनॉलयुक्त अर्कावर काम करणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला आयसी५० काढायच्या आधी गाइडने ती प्लेट दाखवायला सांगावी. इथे मॅडमनी आलेख पाहिले, प्लेट पाहिली नाही. आठ विद्यार्थी आणि दिवसाचे चार तास सांभाळणाऱ्या गाइडला रोज प्लेट बघणं जमत नाही हे खरं. पण वगळलेल्या बिंदूंची यादी मागणं जमतं.

सिस्प्लॅटिनची गोष्ट व्यक्तीची कमी, लॅबच्या रिवाजाची जास्त. साठे कशात विरघळवायचे याचा एक छापील तक्ता फ्रीजवर लावलेला असता तर हे घडलं नसतं. आता लावलाय. कॅम्प्टोथेसिनबद्दलही त्यात ओळ आहे : माध्यमाच्या पीएचला त्याचं लॅक्टोन वलय उघडतं, म्हणून पाण्यात पातळ केलेला साठा ठेवायचा नाही.

मुळी कुठून आली, कधी खणली, कशी वाळवली, हे वहीत पहिल्या पानावर हवं होतं. प्लंबॅजिन वाफेबरोबर उडतं; जास्त तापलेल्या ओव्हनमध्ये वाळवलेली मुळी आणि सावलीत वाळवलेली मुळी यांचा अर्क एकसारखा धरता येत नाही. वैद्यांशी बोलणं सुरुवातीलाच झालं असतं तर शोधित मुळीचा भाग अपघाताने न येता योजनेत आला असता. संवाद होता, पण पुरवठादार आणि गिऱ्हाईक एवढाच.

सुरुवातीलाच अ‍ॅक्ट्रेकला नमुने पाठवले असते तर वेळ वाचला असता का? विभागातल्या काहींचं मत तसं. मला शंका आहे. अर्क कुठल्या बॅचचा आणि त्यात काय किती, हे माहीत नसताना बाहेरून आलेला आकडा नेटका दिसला असता आणि त्यावर कुणी शंका घेतली नसती.

पेशींच्या निवडीबाबत आमचं अजून एकमत नाही. मॅडमचं म्हणणं, पेशींच्या तीन वेगवेगळ्या ओळी घ्यायला हव्या होत्या; केईएपी१ शाबूत असलेली एक तरी. माझं म्हणणं, एवढ्या पैशात दोनच जमतात, पण त्या द्रव्याची जात बघून निवडाव्यात. एनक्यूओ१ अडवणारं डायकूमरॉल दिल्यावर ए५४९ चं चिलखत उतरतं का, हा प्रयोग करायचा राहिला. तो पुढच्या विद्यार्थ्याच्या प्रस्तावात घातला आहे.